काचेसारखं दिसतं, पण इन्फ्रारेडला दारातच अडवतं

वाइड बँडगॅप (म्हणजे मटेरियलमधल्या इलेक्ट्रॉनला वर उचलायला बरीच ऊर्जा लागणं) म्हटलं की सगळ्यांना यूव्हीच, म्हणजे अल्ट्राव्हायोलेट, आठवतं. झिंक ऑक्साईडची फिल्म बनवली, यूव्ही-व्हिजिबल मशीनमध्ये ठेवली, टॉक प्लॉट (शोषणावरून बँडगॅप काढायचा आलेख) काढला, पट्टी लावून सरळ रेघ ओढली, ३.३ च्या आसपास आकडा आला, संपलं, रिपोर्ट बाइंडिंगला. आमच्याकडे एमएस्सीची पोरं दरवर्षी हेच करतात आणि मी त्यांना नावं ठेवत नाही, कारण फिल्म नीट बसवणं हीच मुळात मोठी डोकेदुखी असते. पण व्हायव्हाला मी एक प्रश्न हमखास विचारते. ही फिल्म तुला एकदम क्लिअर दिसतेय, मग २० मायक्रॉनच्या इन्फ्रारेडला ती कशी दिसत असेल? बहुतेक जण म्हणतात, मॅडम अजूनच पारदर्शक, एनर्जी बँडगॅपपेक्षा किती कमी आहे. ऐकायला पटतं ना? पण प्रकरण उलटं आहे. झिंक ऑक्साईडचा चांगला जाड क्रिस्टल २० मायक्रॉनला जवळजवळ आरसा असतो.

आज त्या आरशाबद्दल लिहितेय, आणि मुख्य म्हणजे दोन ऑक्साईड एकत्र मिसळले की त्याचं काय होतं त्याबद्दल, कारण माझं ठाम मत आहे की अलॉय (एकाच क्रिस्टलमध्ये एकजीव झालेलं मिश्रण) खरंच अलॉय झालाय की नाही हे बँडगॅपच्या आकड्यापेक्षा इन्फ्रारेड जास्त प्रामाणिकपणे सांगतं.

आधी थोडं फिजिक्स, कंटाळू नका. बँडगॅप हा इलेक्ट्रॉनचा मामला, झिंक ऑक्साईडमध्ये तो ३.३७ इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे ३६८ नॅनोमीटर, दिसणाऱ्या उजेडाच्या जरा पलीकडे, म्हणून डोळ्याला सगळं आरपार. इन्फ्रारेडमध्ये तेवढी ताकद नाही, ते इलेक्ट्रॉनला उचलू शकत नाही. पण क्रिस्टलमध्ये झिंक आणि ऑक्सिजन उलट चार्जचे बसलेत आणि ते आपापल्या जागी सतत थरथरतायत, आणि त्या थरथरण्याची फ्रिक्वेन्सी नेमकी इन्फ्रारेडच्या लांबच्या टोकाला येते. इन्फ्रारेडवाले फ्रिक्वेन्सी वेव्हनंबरमध्ये सांगतात, म्हणजे एका सेंटीमीटरमध्ये किती लाटा बसतात ते. झिंक ऑक्साईडचं आडवं कंपन, ज्याला टीओ मोड म्हणतात, ते साधारण ४१० ला, म्हणजे २४.४ मायक्रॉनला. आणि लाटेच्याच दिशेने होणारं कंपन, एलओ मोड, ते ५९० च्या आसपास, म्हणजे जवळपास १७ मायक्रॉनला. एलओ वर का जातो, तर त्या कंपनात प्लस आणि मायनस चार्ज लाटेच्या दिशेनेच मागेपुढे गोळा होतात, त्यातून क्रिस्टलच्या आतच एक इलेक्ट्रिक फील्ड तयार होतं आणि ते अणूंना परत ओढायला मदत करतं, ओढ वाढली की फ्रिक्वेन्सी वाढली. हे आकडे सी अक्षाला (षटकोनी क्रिस्टलच्या उभ्या अक्षाला) काटकोनात, सी अक्षाच्या दिशेने मोजलंत तर ३८० आणि ५७५ च्या आसपास येतात, हेक्झागोनल क्रिस्टल आहे शेवटी.

आता या ४१० आणि ५९० च्या मधल्या पट्ट्यात मटेरियलचा डायइलेक्ट्रिक फंक्शन (इलेक्ट्रिक फील्डला मटेरियल किती प्रतिसाद देतं त्याचा आकडा) निगेटिव्ह होतो. निगेटिव्ह म्हणजे लाटेला आत पुढे सरकताच येत नाही, पृष्ठभागाजवळच विझते आणि बहुतेक सगळी परत फिरते. या पट्ट्याला रेस्टस्ट्राहलेन बँड म्हणतात. पोरांना नाव उच्चारता येत नाही म्हणून आमच्या लॅबमध्ये त्याला नुसता आर-बँड म्हणतात, चालतंय.

मॅग्नेशियम ऑक्साईड घ्या, त्याचा गॅप तर ७.८ इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे यूव्हीतही बराच आतपर्यंत पारदर्शक. त्याचा टीओ ४०० च्या आसपास, झिंक ऑक्साईडच्या जवळपास शेजारीच, पण एलओ थेट ७२५ च्या आसपास. म्हणजे आर-बँड जवळजवळ दुप्पट रुंद. यात एक गणित आहे जे मला अजूनही दरवेळी फळ्यावर करताना मजा देतं. एलओ भागिले टीओ, त्याचा वर्ग करा, तो बरोबर येतो स्टॅटिक, म्हणजे स्थिर फील्डमधला, डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट भागिले हाय फ्रिक्वेन्सीवाला, म्हणजे अणूंना हलायला वेळच मिळत नाही तेव्हाचा, कॉन्स्टंट. मॅग्नेशियम ऑक्साईडसाठी ७२५ भागिले ४०१ चा वर्ग ३.२७, आणि तिकडे ९.८ भागिले २.९५ म्हणजे ३.३. झिंक ऑक्साईडसाठी ५९० भागिले ४१० चा वर्ग २.०७, त्याला त्याच्या हाय फ्रिक्वेन्सीवाल्या ३.७ ने गुणलं की ७.७, आणि कपॅसिटन्स मोजून येणारा आकडाही तेवढाच, ७.८ च्या आसपास. म्हणजे एकीकडे इन्फ्रारेडमध्ये क्रिस्टल हलतोय आणि दुसरीकडे कुणीतरी कपॅसिटर मोजतोय, दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही असं वाटतं आणि उत्तर जुळतं. हा १९४१ चा लिडेन-सॅक्स-टेलर नियम. यातला टेलर म्हणजे तोच हायड्रोजन बॉम्बवाला एडवर्ड टेलर, हे सांगितलं की मागच्या बाकावरचे पण मान वर करतात.

आर-बँड प्रकरण याहून जुनं आहे बरं का. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बर्लिनमध्ये हाइनरिश रूबेन्स क्रिस्टलवरून इन्फ्रारेड पुन्हापुन्हा परावर्तित करायचा, दरवेळी बाकीचं सगळं गळून जायचं आणि फक्त आर-बँडमधलं इन्फ्रारेड उरायचं, म्हणजे फुकटात फिल्टर. फ्लोराइट वापरून २४ आणि ३१.६ मायक्रॉन, सैंधव मिठाच्या क्रिस्टलने ५१.२ मायक्रॉन. या लांब वेव्हलेंग्थवर रूबेन्स आणि कुर्लबाउमने गरम वस्तूचं रेडिएशन मोजलं आणि तेव्हाचा चालू फॉर्म्युला तिथे फेल गेला. ७ ऑक्टोबर १९०० ला, रविवार होता, रूबेन्स प्लँककडे घरी गेला, गप्पांत हे सांगितलं, प्लँकने त्याच संध्याकाळी नवीन फॉर्म्युला जुळवला आणि १९ ऑक्टोबरला मांडला. क्वांटमची सुरुवात म्हणतात ती ही. म्हणजे मिठाच्या क्रिस्टलचे फोनॉन, म्हणजे हीच अणूंची कंपनं, नसते तर काय झालं असतं वगैरे, असो, विषयांतर फार होतंय.

अलॉयकडे येऊ. झिंक ऑक्साईडमध्ये मॅग्नेशियम का घालायचं? गॅप वाढवायला. १९९८ मध्ये जपानी गटाने लेझर ॲब्लेशनने फिल्म बनवून दाखवली, ३३ टक्के मॅग्नेशियम, गॅप ३.९९ इलेक्ट्रॉन व्होल्ट, आणि स्ट्रक्चर अजून झिंक ऑक्साईडचंच. हे भारी का, तर नॉर्मल समतोलात झिंक ऑक्साईडमध्ये मॅग्नेशियम ऑक्साईड जेमतेम ४ टक्के विरघळतं. मॅग्नेशियम आणि झिंकचे आयन आकाराने जवळपास सारखे, त्यामुळे जागा बदलणं सोपं, पण स्वभाव वेगळा. झिंकला चार ऑक्सिजन शेजारी लागतात, मॅग्नेशियमला सहा. झिंक ऑक्साईडची रचना वुर्टझाइट, मॅग्नेशियम ऑक्साईडची मिठासारखी रॉकसॉल्ट. त्यामुळे थोडं मॅग्नेशियम असेपर्यंत ते निमूट चार शेजाऱ्यांत राहतं, फार वाढलं की अख्खं स्ट्रक्चरच पलटी मारतं, आणि मधल्या भागात, ४० ते ६० टक्क्यांच्या आसपास, दोन्ही फेज, म्हणजे दोन्ही रचना, एकत्र नांदतात. नेमकं कुठे पलटतं ते फिल्म कशी बनवलीत, किती तापमानाला, कशावर, यावर अवलंबून.

आणि मुख्य प्रश्न इथे येतो. दोन प्रकारचे अणू मिसळले की कंपनं कुणाची? यात दोन प्रकार दिसतात. सोसायटीच्या गणपतीत आरतीला ए विंगवाले आणि बी विंगवाले एकत्र आले की कधीकधी आपोआप एक मधली लय जमते, आणि कधीकधी शेवटपर्यंत दोन लयी चालूच राहतात, ए विंग 'जय देव'वर आणि बी विंग अजून मागच्या ओळीवर. पहिल्याला वन-मोड म्हणतात, मिश्रण बदललं की एकच फ्रिक्वेन्सी एका टोकाच्या ऑक्साईडपासून दुसऱ्या टोकाकडे हळूहळू सरकते. दुसऱ्याला टू-मोड, दोन वेगळ्या फ्रिक्वेन्सी टिकून राहतात आणि मिश्रण बदललं की फक्त एकीचा जोर कमी, दुसरीचा जास्त. कुठला प्रकार होणार हे बऱ्याच अंशी वजनावर ठरतं. मॅग्नेशियम २४, झिंक ६५, ऑक्सिजन १६. जड झिंकच्या गर्दीत हलकं मॅग्नेशियम घुसलं की ते आपल्याच वेगाने नाचतं. १९६८ मध्ये चँग आणि मित्रा यांनी याचं मॉडेल मांडलं, कुठल्या जोडीत एक मोड आणि कुठल्या जोडीत दोन ते वजनं आणि बाकीच्या दोनचार आकड्यांवरून आधीच सांगता येईल असं. वुर्टझाइटवाल्या मॅग्नेशियम-झिंक ऑक्साईडमध्ये सी अक्षाला काटकोनातले मोड टू-मोड वागतात, ४१० चा झिंक ऑक्साईडवाला राहतो आणि ५०० च्या वर अजून एक छोटा उगवतो. रॉकसॉल्टमध्ये मात्र वन-मोड, जेवढं झिंक जास्त तेवढा मोड खाली.

म्हणजे बघा, एक इन्फ्रारेड स्पेक्ट्रम नीट घेतला तर त्यात कळतं की मॅग्नेशियमला चार शेजारी आहेत की सहा, आणि ते लॅटिसमध्ये (अणूंच्या जाळीत) बसलंय की स्वतःचा वेगळा गट करून बसलंय. टॉक प्लॉट हे सांगत नाही. तो फक्त कड दाखवतो.

आमच्याकडच्या एका मुलीचं उदाहरण. सिलिकॉनवर आणि सफायरवर, दोन्हीवर फिल्म घेतलेल्या. सफायरवरच्या फिल्मचा टॉक प्लॉट मस्त सरळ, चारच्या आसपास गॅप, ती खूश. एक्सआरडीत (एक्स-रेने स्ट्रक्चर बघायची चाचणी) एक पीक जाड, दुसरं इतकं बारीक की नॉइज म्हणून सोडून देता येईल. मग सिलिकॉनवाला नमुना आम्ही तिरका ठेवला. हे तिरकं ठेवणं महत्त्वाचं आहे, कारण समोरून सरळ प्रकाश टाकला तर पातळ फिल्ममध्ये फक्त टीओ दिसतो. ६०-७० अंशात कलवलं आणि पी पोलरायझेशन घेतलं की प्रकाशाचा इलेक्ट्रिक फील्डचा थोडा भाग फिल्मच्या जाडीच्या दिशेने येतो आणि एलओ मोडवर खड्डा पडतो. बेरेमन इफेक्ट, १९६३. आणि एलओ हाच तर दोन फेजमधला खरा फरक आहे ना, टीओ दोघांचे जवळजवळ, एलओ लांब. तर स्क्रीनवर एक खड्डा ६०० च्या आजूबाजूला आला, तो अपेक्षितच होता. आणि त्याच्या बराच वर, मॅग्नेशियम ऑक्साईडच्या ७२५ पासून खाली सरकलेला, पसरट, दुसरा. तिने मान तिरकी करून बघितलं आणि म्हणाली, मॅडम, हे रॉकसॉल्ट आहे का? होय बाई, रॉकसॉल्टच. एकाच फिल्ममध्ये दोन बिऱ्हाडं. आणि ते नॉइज वाटलेलं पीक म्हणजे नॉइज नव्हतं.

एक बारीक गोष्ट इथे सांगायलाच हवी, सिलिकॉनचं स्वतःचं शोषण नेमकं ६१० ला येतं, आणि वेफरमध्ये ऑक्सिजन असेल तर ११०७ ला अजून एक. म्हणून कोऱ्या वेफरचा स्कॅन आधी, मग फिल्मचा, दोन्ही त्याच अँगलला. सफायरचं तर विचारूच नका, त्याचे मोड ३८५, ४३९, ५६९, ६३५, म्हणजे आपल्याला जिथे बघायचंय बरोबर तिथेच सगळा मेळा. सफायरवरची पातळ फिल्म इन्फ्रारेडमध्ये बघितली तर दिसतो तो सफायर, आणि फिल्म म्हणजे त्यावरचा थोडासा बिघाड. ते सोडवायला मग एलिप्सोमेट्री (परावर्तित प्रकाशाचं पोलरायझेशन किती बदललं ते मोजणं) आणि मॉडेल फिटिंग लागतं. आणि मायक्रोस्कोपच्या साध्या काचेवर फिल्म घेऊन "मॅडम याचंच एफटीआयआर करू ना" (एफटीआयआर म्हणजे इन्फ्रारेड स्पेक्ट्रम घ्यायचं मशीन) म्हणणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार, काच ५ मायक्रॉनच्या पुढे स्वतःच काळी आहे.

आता नवी मुंबईचं दुःख. जुलैमध्ये नेरूळला खिडकी उघडी ठेवली तर पापड पण ओले होतात, आणि एफटीआयआरच्या आत पोटॅशियम ब्रोमाइडचा बीमस्प्लिटर (प्रकाश दोन भागांत फोडणारा तुकडा) असतो, जो मुळात मीठच आहे. दमट हवा लागली की धुरकट होतो, सिग्नल पडतो, आणि नवा बीमस्प्लिटर घ्यायचा म्हणजे कॉलेजच्या परचेस कमिटीसमोर उभं राहायचं, त्यापेक्षा दमट हवा परवडली. म्हणून पावसाळ्यात मशीन रात्रभर चालूच ठेवतो, आतली सिलिका जेल निळी आहे की गुलाबी ते रोज बघायचं. आमचे लॅबवाले मामा त्यात एकदम पक्के, फिजिक्स त्यांना शून्य इंटरेस्ट, पण सकाळी आल्याआल्या पहिलं वाक्य "मॅडम, जेल गुलाबी झाली, ओव्हनला टाकू?" ११० अंशाला तासदोनतास ठेवली की परत निळी. हवेतली वाफ नुसती बीमस्प्लिटर खराब करत नाही, ती स्पेक्ट्रममध्ये पण येते, १३०० ते १९०० मध्ये बारीकबारीक काटे, आणि लांबच्या टोकाला तर काट्यांचं जंगल. शिवाय कार्बन डायऑक्साइडची जोडी २३५० ला आणि एक टोकदार ६६७ ला. तो ६६७ वाला वाईट, कारण आपल्या एलओच्या भागातच येऊन बसतो. यावर उपाय म्हणजे कोरडा नायट्रोजन सोडायचा. आमचा सिलिंडर एमआयडीसीतून टेम्पोने येतो, ठाणे-बेलापूर रोडला पाणी भरलं की टेम्पो येत नाही, टेम्पो नाही तर नायट्रोजन नाही, नायट्रोजन नाही तर त्या दिवशी ६६७ च्या आसपासचं काही खरं मानायचं नाही. सरळ हिशोब.

दुसरं दुःख असं की नॉर्मल एफटीआयआर ४००० ते ४०० एवढंच दाखवतं. पोटॅशियम ब्रोमाइडच ४०० च्या खाली अपारदर्शक होतं ना, म्हणून. आणि आपल्या ऑक्साईडची सगळी गंमत ४०० च्या दोन्ही बाजूंना! म्हणजे सिनेमा सुरू होता होता पडदा पडला. त्याच्या खाली जायचं तर सीझियम आयोडाइडचे ऑप्टिक्स किंवा मायलरचा बीमस्प्लिटर आणि पॉलिथीनच्या खिडकीचा डिटेक्टर लागतो.

याच कारणामुळे मला केबीआर (पोटॅशियम ब्रोमाइड) पेलेटवाल्या पेपरांचा राग येतो, आज बोलूनच टाकते. नॅनो पावडर बनवायची, पोटॅशियम ब्रोमाइडमध्ये कुटायची, गोळी दाबायची, स्कॅन काढायचा आणि खाली लिहायचं, ३४०० ला ओएच, २३५० ला अमुक बाँड, आणि ४६० ला "झिंक-ऑक्सिजन बाँडचं पीक, त्यामुळे झिंक ऑक्साईड बनल्याचं सिद्ध होतं". २३५० म्हणजे मापन करणाऱ्याचा श्वास आहे हो. आणि ४६० ला, ४९० ला, ४३० ला, प्रत्येक पेपरात वेगळं पीक, आणि फरक दिसला की म्हणायचं डोपिंगमुळे बाँड बदलला. खरं कारण बहुतेक वेळा दाण्यांचा आकार. छोट्या दाण्यात शोषण ना टीओला होतं ना एलओला, ते मधे कुठेतरी होतं, आणि कुठे ते दाणा गोल आहे की काडीसारखा आहे यावर ठरतं. गोल दाण्यासाठी अट अशी की दाण्याचा डायइलेक्ट्रिक फंक्शन बाहेरच्या माध्यमाच्या उणे दुप्पट व्हायला हवा. पोटॅशियम ब्रोमाइडसाठी ते उणे ४.७ च्या आसपास, वरचे ४१०, ५९० आणि ३.७ घालून सोडवलं तर उत्तर येतं जवळपास ४९५. दाणे काडीसारखे लांब झाले की एक पीक ४१० कडे सरकतं. मॅग्नेशियम घातल्यावर पावडरच्या दाण्यांचा आकार बदलला आणि पीक हललं, तर ते अलॉयिंग नव्हे, पण पेपरात अलॉयिंगच लिहिलेलं असतं. मध्यंतरी आम्ही एका बाहेरच्या लॅबमध्ये नमुने दिले होते, तर त्यांनी बेसलाइन सरळ करून, स्मूद करून, पीकला नंबर घालून पीडीएफ पाठवलं. मूळ डेटा मागितला तर म्हणे आम्ही असंच देतो. आर-बँडचा सगळा अर्थ त्याच्या आकारात असतो आणि यांनी तो इस्त्री करून पाठवला.

बरं, आता इलेक्ट्रॉन. मॅग्नेशियम घालणं म्हणजे अलॉयिंग, त्याने इलेक्ट्रॉन वाढत नाहीत, दोघांची व्हॅलन्सी सारखी. ॲल्युमिनियम घातलं तर मात्र मोकळे इलेक्ट्रॉन येतात, आणि मोकळे इलेक्ट्रॉन प्लाझ्मा फ्रिक्वेन्सीच्या (ते सगळे मिळून ज्या फ्रिक्वेन्सीला हेलकावतात तिच्या) खाली इन्फ्रारेड परत पाठवतात. झिंक ऑक्साईडमध्ये एका घन सेंटीमीटरला दहाचा अठरावा घात एवढे इलेक्ट्रॉन असले तर प्लाझ्मा फ्रिक्वेन्सी साधारण २९५ वेव्हनंबरला येते, एकोणिसाव्या घाताला ९३० ला, विसाव्याला २९४० ला म्हणजे ३.४ मायक्रॉन. गंमत मधल्या भागात आहे, जिथे ती एलओच्या जवळून जाते. तिथे दोघं एकमेकांत अडकतात आणि ५९० वाला खड्डा तिथे सापडतच नाही, वर सरकलेला असतो. त्यामुळे कुणी म्हणालं की एलओ वर गेला म्हणजे मॅग्नेशियम जास्त आहे, तर पहिला प्रश्न, इलेक्ट्रॉन किती आहेत? उलट बाजूने बघितलं तर हे वरदान आहे, कारण वायर न जोडता, इंडियमचे ठिपके न लावता, फक्त प्रकाशाने इलेक्ट्रॉनची संख्या आणि मोबिलिटी (ते किती सहज धावतात ते) काढता येते.

विसाव्या-एकविसाव्या घाताचे इलेक्ट्रॉन घातलेली ऑक्साईड आपण रोज बघतो, मोबाइलच्या स्क्रीनमध्ये टिन घातलेलं इंडियम ऑक्साईड असतं. ऐरोलीच्या आयटी पार्कात ज्या काचेच्या बिल्डिंगा आहेत तसल्या इमारतींत वापरतात ती लो-ई काच, तिचा एक प्रकार म्हणजे काचेवर फ्लोरीन घातलेल्या टिन ऑक्साईडचा थर, दुसरा प्रकार चांदीच्या अतिपातळ थरांचा. टिन ऑक्साईडचा गॅप ३.६ च्या आसपास म्हणून डोळ्याला पारदर्शक, आणि इलेक्ट्रॉनमुळे खोलीच्या तापमानाच्या रेडिएशनला, ज्याचा जोर १० मायक्रॉनच्या आसपास असतो, आरसा. ठाण्याच्या उन्हात काचेचा अख्खा टॉवर उभारायचा आणि मग एसीचं बिल कमी करायला ही काच शोधायची, यावर मला वेगळं बोलायचंय, पण आत्ता नको.

मग येतं गॅलियम ऑक्साईड, सध्याचा हिरो. बीटा फेज, गॅप ४.८ च्या आसपास, ब्रेकडाउन फील्ड (ज्याच्या पुढे मटेरियल हार मानतं ते) अंदाजे ८ मेगाव्होल्ट प्रति सेंटीमीटर, २०१२ मध्ये जपानमध्ये त्याच्या सिंगल क्रिस्टलवर पहिला ट्रान्झिस्टर झाला आणि तेव्हापासून पॉवर इलेक्ट्रॉनिक्सवाले मागे लागलेत. मोठा क्रिस्टल वितळवून ओढता येतो हा त्याचा सगळ्यात मोठा प्लस पॉइंट. इन्फ्रारेडवाल्यांसाठी मात्र हे मोनोक्लिनिक प्रकरण आहे, म्हणजे दोन अक्ष एकमेकांना काटकोनात नाहीतच, १०४ अंशाच्या जवळ कोन. प्रिमिटिव्ह सेलमध्ये (क्रिस्टलचा सगळ्यात छोटा, पुन्हापुन्हा येणारा तुकडा) १० अणू, म्हणजे ३० मोड, त्यातले इन्फ्रारेडला दिसणारे १२. चार बी अक्षाच्या दिशेने, ते शहाण्यासारखे वागतात. उरलेले आठ ए-सी प्रतलात, आणि प्रत्येकाची दिशा वेगळी! एकाची दुसऱ्याशी जुळत नाही, ना क्रिस्टलच्या अक्षाशी जुळते. त्यामुळे "या अक्षाचा डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट" असं म्हणायचीच सोय नाही, वेव्हलेंग्थ बदलली की मुख्य अक्षच फिरतात. लिडेन-सॅक्स-टेलरचा साधा भागाकार इथे चालत नाही, त्याचं डिटरमिनंटवालं मोठं रूप लागतं. नेब्रास्काच्या मथियास शूबर्ट यांच्या गटाने २०१६ मध्ये एलिप्सोमेट्रीने हे सगळे १२ मोड त्यांच्या दिशांसकट काढले, तो पेपर मी अजून तुकड्यातुकड्याने वाचतेय कारण एका बैठकीत वाचून झेपत नाही.

आणि आता त्यात ॲल्युमिनियम घाला. ॲल्युमिनियम २७, गॅलियम ७०, परत हलका-जडचा खेळ. गॅलियम ऑक्साईडमध्ये निम्मे गॅलियम चार शेजाऱ्यांत आणि निम्मे सहा शेजाऱ्यांत बसलेले असतात, ॲल्युमिनियमला सहावाली जागा जास्त आवडते, त्यामुळे सुरुवातीचं ॲल्युमिनियम तिथे भरतं आणि चारवाल्या जागेची पाळी नंतर येते. म्हणजे मिश्रण वाढवत नेलं तर मोड सरळ रेषेत सरकतील असं आधीच गृहीत धरायचं कारण नाही, काही मोडमध्ये सहावाली जागा जास्त हलते, काहींत चारवाली. फ्रिक्वेन्सीच नाही, मोडची दिशासुद्धा मिश्रणाबरोबर फिरू शकते. मला हे जाम आवडतं.

याचा व्यवहारात उपयोग काय, असं माझा भाऊ प्रत्येक वेळी विचारतो, तो रबाळ्याला इन्व्हर्टरच्या कंपनीत आहे. त्याला मी सांगते, तुझ्या ट्रान्झिस्टरमधला इलेक्ट्रॉन रूम टेंपरेचरला कुणाला धडकून हळू होतो माहितीये? याच एलओ फोनॉनला. चांगल्यातल्या चांगल्या गॅलियम ऑक्साईडमध्येही मोबिलिटी २०० च्या आसपासच अडकते ती मुख्यतः यामुळे. टीओ आणि एलओमधलं अंतर जेवढं जास्त, तेवढा क्रिस्टल पोलर, तेवढी इलेक्ट्रॉनशी झटापट जास्त. म्हणजे जो आर-बँड मला स्क्रीनवर रुंद दिसतो तोच त्याच्या डिव्हाइसमध्ये रेझिस्टन्स वाढवतो. वर उष्णता बाहेर जायची पंचाईत, गॅलियम ऑक्साईडची थर्मल कंडक्टिव्हिटी दिशेप्रमाणे १० ते २७ वॅट प्रति मीटर केल्व्हिन, सिलिकॉन कार्बाइडची काहीशे. भाऊ म्हणाला, ताई मग आम्ही सिलिकॉन कार्बाइडच वापरतो. वापर बाबा. माझ्या एफटीआयआरमध्ये जो दिवा आहे, ग्लोबार, ती पण सिलिकॉन कार्बाइडचीच लालबुंद कांडी आहे.

ज्यांना स्वतःचे नमुने मोजायला द्यायचेत, ठाण्यातून किंवा इकडून ऐरोली पुलावरून पवईला वगैरे घेऊन जाणार असाल, त्यांच्यासाठी. आधी फोन करून विचारा की ४०० च्या खाली जाता येतं का, तिरक्या रिफ्लेक्शनची सोय आहे का आणि पोलरायझर आहे का, हे तीन नसतील तर जायचे कष्ट घेऊ नका, पेलेट तर काय कॉलेजातही होतं. सिलिकॉन घेत असाल तर दोन्ही बाजूंनी पॉलिश केलेला आणि कमी डोपिंगचा, नाहीतर वेफरचेच इलेक्ट्रॉन इन्फ्रारेड खाऊन टाकतात. फिल्मची जाडी दुसऱ्या कुठल्यातरी पद्धतीने आधी मोजून ठेवा, फिटिंगला बसल्यावर जाडी आणि मोडचा जोर एकमेकांना भरपाई देत बसतात आणि दोन्ही चुकीचे असूनही वक्र झक्कास जुळतो. डेटा टेक्स्ट फाइलमध्ये मागा, स्मूद न केलेला, हे फॉर्मवरच लिहून द्या. नमुने झिपलॉकमध्ये सिलिका जेलच्या पुडीसकट, आणि त्याच पाकिटात त्याच लॉटमधला एक कोरा सबस्ट्रेट (ज्यावर फिल्म बसवतो तो तुकडा), जो फिल्मवाल्यांबरोबरच भट्टीत जाऊन आलाय, कारण भट्टीत सिलिकॉनवर ऑक्साईडचा थर चढतो आणि त्याचं पीक १०८० च्या आसपास येतं, न तापवलेल्या वेफरमध्ये ते दिसणार नाही.